मुखवट्याचा मान

मुखवटा हा शब्द अलीकडे फारच बदनाम झाला आहे. अमक्याने साधुत्वाचा मुखवटा चढविला, तमक्या पुढाऱ्याचा मुखवटा गळून पडला, कुणी कुणाचा मुखवटा टराटरा फाडला, अशी वाक्ये आपण रोज वाचतो आणि मान डोलावून पुढे जातो. सोंग या शब्दाचीही तीच गत! झोपेचे सोंग, आजाराचे सोंग, भक्तीचे सोंग. जिथे म्हणून खोटेपणाचा वास येतो तिथे हा शब्द हजर. उघडा चेहरा तेवढा खरा आणि वरून घेतलेला चेहरा फसवा, असे आपण एकदाचे ठरवून टाकले आहे.

पण ज्या लोकांनी मुखवटे घडविले, पुजले, डोक्यावर बांधून रात्र रात्र नाचविले, त्यांचे मत याहून अगदी निराळे होते आणि आजही आहे. त्यांच्या लेखी मुखवटा हे लपण्याचे साधन नाही. स्वतःचा चेहरा घटकाभर बाजूला ठेवायचा आणि आपल्याहून मोठ्या कुणाचा तरी भार डोक्यावर घ्यायचा, यालाच ते मुखवटा धारण करणे म्हणतात. लॅटिन भाषेत नटाच्या मुखवट्याला 'पर्सोना' म्हणत. त्याच शब्दापासून पुढे इंग्रजीतला 'पर्सन' म्हणजे व्यक्ती हा शब्द आला. म्हणजे ज्याला आपण माणसाचे व्यक्तित्व म्हणतो, त्याच्या मुळाशी मुखवटाच बसलेला आहे!

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी या वरच्या चेहऱ्यांची थोडी हकीकत ऐकावी. वाट तशी दूरची आहे. आपल्या घरातून निघून सह्याद्रीतल्या जव्हारच्या डोंगरात जायचे, आणि तिथून समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पोटातल्या कुबा राजाच्या दरबारापर्यंत पोहोचायचे. पण वाटेत सारे ओळखीचेच भेटेल, ही खात्री असू द्यावी.

घरातले चेहरे

मुखवटे पाहण्यासाठी आम्हा जवळा बाजारच्या किंवा औंढ्या-वसमतच्या माणसांना कुठल्या संग्रहालयात जाण्याची गरज नाही. भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या येतात. पुण्यामुंबईकडे त्यांना गौरी म्हणतात, मराठवाड्यात त्या महालक्ष्म्याच. वर्षभर मऊ कापडात गुंडाळून पेटीत जपून ठेवलेले मुखवटे अनुराधा नक्षत्रावर बाहेर निघतात. कुंकवाच्या पावलांवरून त्यांना घरात आणतात, कोठ्यांवर बसवितात, नवी लुगडी नेसवितात, ठेवणीतले दागिने घालतात. ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य होतो. मूळ नक्षत्रावर त्यांची पाठवणी. तीन दिवसांचा पाहुणचार! पण या तीन दिवसांत घरातली एकही बाई त्या मुखवट्यांना पितळ किंवा शाडू म्हणत नाही. 'आल्या', 'जेवल्या', 'निघाल्या' अशीच भाषा असते.

यातली खरी मौज पुढेच आहे. घरे वेगळी होतात, शेते वाटली जातात, भांडीकुंडी मोजून घेतली जातात. पण महालक्ष्म्यांचे मुखवटे कुणाकडे राहायचे, हा प्रश्न तराजूने सुटत नाही. बहुधा ते थोरल्या घरी राहतात आणि बाकीच्यांनी सणाला तिथे जायचे असते. मुखवटा ज्याच्या घरी, त्याच्याकडे मान. आणि मानाबरोबर खर्च, सोवळे, जागरण आणि साऱ्या भावकीची उठबस. सासूच्या हातून ती पेटी सुनेच्या हाती जाते, तेव्हा नुसते चेहरे जात नाहीत, घराची एक जबाबदारी जाते. चेहरा तोच राहतो आणि तो सांभाळणारे हात पिढीगणिक बदलतात. मुखवट्याचा पहिला नियम आपल्या माजघरातच असा शिकायला मिळतो.

दुसरी ओळख शिरोभूषणाची. पहाटेच्या वेळी चिपळ्या वाजवीत येणारा वासुदेव आठवावा. अंगात घोळदार झगा, कमरेला शेला, आणि डोक्यावर मोरपिसांची ती उंच निमुळती टोपी! ती टोपी डोक्यावरून उतरली की तो चारचौघांसारखा संसारी माणूस. टोपी चढली की दारातली म्हातारी त्याच्या झोळीत धान्य घालताना हात जोडते. तुळजापूरच्या भवानीचे आराधी गळ्यात कवड्यांची माळ घालतात, तिचेही तसेच. कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगाईचे कवच. मराठवाड्याला समुद्राचा वारासुद्धा लागत नाही. पण समुद्रातली ही चीज इथल्या देवीच्या माणसांची खूण होऊन बसली आहे. ही कवडी वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे एका परक्या राजाच्या कपाळावर ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

जव्हारच्या डोंगरात

आपल्याकडे मुखवट्यांचे खरे साम्राज्य सह्याद्रीच्या उत्तर टोकाला आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या डोंगराळ मुलखात कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांची वस्ती आहे. होळी होऊन गेली की पाऊस येईपर्यंतच्या दिवसांत इथल्या गावांत बोहाडा भरतो. कुठे त्याला भवाडा म्हणतात, कुठे नुसते 'सोंगे' म्हणतात.

या मुलखाला राजाही होता. जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळी समाजाचे. जयबा मुकणे हा त्याचा मूळ पुरुष, आणि १३४३ साली नेमशाहाला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, असे या घराण्याचा इतिहास सांगतो. गुजरात आणि कोकण यांच्या मधोमध, जंगलाच्या आधाराने हे छोटे राज्य सहाशे वर्षे टिकून राहिले. जव्हारजवळ शिरपामाळ नावाची एक जागा आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीवर जाताना तिथे थांबले, जव्हारच्या विक्रमशाहाने त्यांची भेट घेऊन त्यांच्या मस्तकी शिरपेच चढविला, आणि म्हणून त्या माळाला शिरपामाळ हे नाव पडले, अशी तिथली परंपरा आहे. एका डोंगरी राजाने दुसऱ्या राजाला द्यायचे ते काय दिले? डोक्यावर धारण करायचे एक चिन्ह! सोन्यानाण्याचे मोल सराफ ठरवील. पण मस्तकावर ठेवलेल्या वस्तूचे मोल निराळेच असते, हे त्या काळची माणसे नीट जाणून होती.

पण जव्हारच्या मुलखात डोक्यावर मुकुट घेण्याचा अधिकार एकट्या राजाला नव्हता. वर्षातून काही रात्री तो गावातल्या साध्या शेतकऱ्यालाही मिळत असे, आणि आजही मिळतो. बोहाड्याच्या रात्री वाजंत्री सुरू होतात. संबळ आणि सनई ही त्यातली मुख्य वाद्ये. पूर्वी टेंभ्यांचा उजेड असे, पुढे गॅसच्या बत्त्या आल्या, आता विजेचे दिवे आले. त्या उजेडात एकेक सोंग वाजतगाजत रस्त्यावरून पुढे सरकते. आरंभी गणपती आणि सारजा, म्हणजे सरस्वती. मग राम, लक्ष्मण, मारुती, रावण, त्राटिका, नरसिंह, भीम, बकासुर, खंडेराव, वेताळ अशी सोंगे येत राहतात. प्रत्येकाची चाल निराळी आणि प्रत्येकासाठी संबळाचा ठेका निराळा. जाणकार म्हातारा डोळे मिटून नुसत्या वाजविण्यावरून कोण आले ते सांगेल! शेवटी जगदंबा येते. महिषासुराशी तिचे युद्ध होते, असुर पडतो, आणि तोवर पूर्वेला फटफटू लागलेले असते.

हे मुखवटे हलक्या लाकडाचे कोरलेले असतात किंवा कागदाच्या लगद्याचे. लगद्याचा मुखवटा करायचा तर आधी मातीचा साचा करतात, त्यावर लगदा थापून वाळवितात, मग साच्यापासून सोडवून रंगवितात. रावणाचा मुखवटा तर दहा तोंडांचा, चांगला रुंद पसरलेला! तो डोक्यावर पेलून, संबळाच्या ठेक्यावर पाय टाकीत, तोल न जाऊ देता चालायचे म्हणजे खेळ नाही. आत कमालीचे उकडते, श्वास कोंडतो, बाहेरचे जेमतेम दिसते. सोबतीला माणसे असतात ती सांभाळायला. इतका त्रास सोसून माणूस ते का घेतो? कारण ते त्याचे सोंग असते. काही गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा वारसा चालत आलेला आहे. काही गावांत सोंगाचा लिलाव बोलतात आणि जो बोली जिंकेल त्याला त्या वर्षी ते घेता येते. कुणी नवस फेडण्यासाठी सोंग घेतो, कुणी बापाने घेतले म्हणून घेतो. आपल्याकडे म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. बोहाड्याच्या गावांना ही म्हण चांगली ठाऊक आहे. पदरमोड करून, वर्गणी काढून, उधार-उसनवार करून ती आपली सोंगे उभी करतात.

इथे मुखवट्याचा दुसरा नियम दिसतो. मुखवट्याआड कोण आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. काल बांधावरून भांडलेला शेजारीच आज नरसिंह होऊन आला आहे, हे लहान पोरही जाणते. फसवणूक व्हावी असे त्यात काहीच नाही. तरीही बायका पुढे येऊन जगदंबेला ओवाळतात, आणि मुखवट्याआडचा माणूस पुरुष आहे याची आठवण कुणी करून देत नाही. ओळखत असूनही मान द्यायचा, हा त्या साऱ्या गावाने मिळून केलेला करार आहे.

१९४८ साली जव्हारचे संस्थान विलीन झाले. यशवंतराव मुकणे हे तिथले शेवटचे राजे. त्यांचा जयविलास राजवाडा अजून जव्हारला उभा आहे आणि लोक तो पाहायला जातात. राज्य आधी मुंबई इलाख्यात, मग ठाणे जिल्ह्यात, आणि २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात सामावून गेले. राजा गेला, दरबार गेला. पण ज्या रात्री कोणताही कोकणा किंवा वारली शेतकरी मुकुट घालून रस्त्यावरून चालतो, त्या रात्री काही विलीन झाल्या नाहीत.

तीन राजमुखवटे

जिथे राजा आणि मुखवटा यांची गाठ सुटलीच नाही, असेही एक राज्य जगात आहे. आफ्रिकेच्या मध्यभागी, काँगो देशात कासाई आणि सांकुरू या नद्यांच्या बेचक्यात कुबा लोकांचा मुलूख आहे. कुबा ही एक जात नव्हे. अठरा-एक निरनिराळ्या लोकसमूहांचे मिळून ते राज्य झाले, आणि त्यांतल्या बुशोंग नावाच्या समूहाकडे राजपद गेले. राजाला 'न्यिम' म्हणतात. राजधानी न्शेंग. सतराव्या शतकाच्या आरंभी तिथे एक मोठा राजा होऊन गेला. त्याचे नाव श्याम! वाचकांनी चमकू नये. श्याम आम्बुल आन्गूंग हे त्याचे पुरे नाव असून आपल्या श्यामशी त्याचा काही संबंध नाही. हा श्याम तरुणपणी पश्चिमेकडे प्रवास करून आला, येताना मका आणि तंबाखूची पिके आणली, विणकाम आणि कोरीवकाम यांना उत्तेजन दिले, असे कुबांची मौखिक परंपरा सांगते. त्याचा म्हणून मानला जाणारा एक लाकडी पुतळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

या राज्यात तीन मुखवटे मोठ्या मानाचे. तिघांची मिळून एक गोष्ट होते, आणि ती राज्यशास्त्राच्या एखाद्या पोथीहून कमी नाही.

पहिला म्वाश आम्बॉय. हा वूटचा मुखवटा. वूट हा बुशोंगांचा आदिपुरुष. आपल्याकडे मनू, तसा त्यांचा वूट. या मुखवट्याचा सांगाडा वेताचा असतो; त्यावर रॅफिया नावाच्या ताडजातीच्या झाडाच्या तंतूंचे कापड आणि बिबळ्याचे कातडे. लाकडी नाक आणि लाकडी कान वरून जोडलेले, खाली दाढी, वर पिसांचा तुरा. आणि साऱ्या चेहऱ्यावर काचमण्यांच्या व कवड्यांच्या रांगाच रांगा! हीच ती आपली कवडी. ती हिंदी महासागरातली. मालदीवच्या बेटांवरून शतकानुशतके ती जहाजांत भरभरून जगभर गेली. तिने आफ्रिकेत नाण्याचे काम केले, कुबा राजाच्या कपाळी ती ऐश्वर्य होऊन बसली आणि तुळजापूरच्या वाटेवर आराध्याच्या गळ्यात भक्ती होऊन राहिली. एकच शिंपला; पण जिथे गेला तिथे माणसाने त्याला आपल्याजवळ होते त्याहून मोठे काहीतरी समजून अंगावर घातले.

म्वाश आम्बॉय हा मुखवटा राजा धारण करतो, किंवा राजाच्या संमतीने त्याचा एखादा सरदार. तो घातला की नाचणारा तो त्या वेळचा अमुक राजा राहत नाही. वूटपासून चालत आलेले राजेपण तेवढे नाचते. कुबा राजाच्या दरबारी पोशाखाचे वजनच सुमारे ८० किलो भरते म्हणतात. राजा त्यात बसला की त्याला हलताही येत नाही. सत्ता म्हणजे ओझे, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी शिवून दाखविले असेल असे वाटत नाही!

दुसरा मुखवटा ब्वूम. हा लाकडाचा, डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारा. कपाळ भले मोठे, पुढे आलेले. त्यावर तांब्याचा पत्रा ठोकलेला. डोळ्यांना भोके नाहीत. नाचणारा नाकपुडीच्या भोकांतून पाहतो. हा सामान्य माणूस आहे असे कुणी म्हणतात, अरण्यात राहणारा ट्वा जमातीचा ठेंगू माणूस आहे असे कुणी म्हणतात, तर कुणाच्या मते तो राजाशी स्पर्धा करणारा धाकटा राजपुत्र आहे. काही असो; नाचात तो म्वाश आम्बॉयच्या समोर उभा राहतो, त्याला डिवचतो, आव्हान देतो. त्याच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे. मिको मिम्बुल नावाच्या राजाने आधीच्या राजाच्या मुलांना मारविले आणि त्या पापाने त्याला वेड लागले. पुढे हा मुखवटा घालून तो नाचू लागला तेव्हा त्याचे चित्त ठिकाणावर आले, असे परंपरा सांगते. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. राजा शहाणा झाला तो राजमुकुटाने नव्हे. सामान्य माणसाचा चेहरा चढविल्यावर!

तिसरा मुखवटा न्गाडी आम्वाश, म्हणजे स्त्रीचा. वूटची बहीण आणि कुबा पुराणातली आदिमाता म्वेल हिचा तो मुखवटा मानतात. तो पुरुषच घालतो, जसा आपल्याकडे जगदंबेचा मुखवटा पुरुष घालतो. चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची नक्षी, आणि डोळ्यांखालून गालांवर ओघळणाऱ्या रेघा. त्या रेघा म्हणजे अश्रू. बुशोंगांत वंश आईकडून मोजतात. गादी राजाच्या मुलाकडे न जाता भावाकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जाते. तेव्हा ज्या स्त्रीमुळे राजा राजा होतो, तिचा चेहरा दरबारात हवाच. पण तो रडता का? कुबा कारागिरांनी त्याचे उत्तर लाकडात कोरून ठेवले आहे; ज्याला घरातल्या म्हाताऱ्या आठवतात त्याला ते वेगळे सांगायला नको.

याखेरीज कुबांच्या उत्तर भागात मुकेंगा नावाचा एक मुखवटा आहे. त्याच्या माथ्यावरून एक लांब सोंड पुढे वळते. तीवर मणी आणि कवड्या. हत्ती हे तिथे सरदारकीचे आणि संपत्तीचे चिन्ह. मानकरी माणूस वारला की त्याच्या अंत्यविधीत हा सोंडेचा मुखवटा नाचतो. आपला सोंडेचा देव आरंभी येतो, त्यांचा हत्ती अखेरीला येतो. पण हत्तीचे मस्तक धारण केल्यावाचून दोघांचेही मोठे कार्य पुरे होत नाही, एवढे खरे.

वूट, ब्वूम आणि न्गाडी: राजा, सामान्य माणूस आणि स्त्री. राजाने प्रजेसमोर नाचायचे, प्रजेने त्याला तोंडावर आव्हान द्यायचे, आणि दोघांमध्ये आईने अश्रू ढाळीत उभे राहायचे. जे उघड्या तोंडाने बोलले तर मस्तक जाईल, ते मुखवटा घालून बोलता येते. मुखवटा खोटे बोलण्यासाठी असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी ब्वूमचा नाच डोळ्यांपुढे आणावा.

भिंतीवरचे देव

कुबा राजाने परक्यांना राजधानीची वाट दाखविण्यास सक्त मनाई केली होती. दाखविणाऱ्याला देहदंड होता. तरी १८९२ साली एक माणूस तिथे पोहोचला. विल्यम शेपर्ड हे त्याचे नाव. अमेरिकेतला कृष्णवर्णी मिशनरी. वाटेतल्या लोकांची भाषा शिकत शिकत तो गेला. राजाची माणसे त्याला पकडायला आली, आणि हा परका आपली भाषा बोलतो हे पाहून थक्क झाली. दरबाराने निष्कर्ष काढला की हा परका नव्हेच. आपला एक दिवंगत राजाच पुन्हा जन्म घेऊन आला आहे! त्याला मारण्याऐवजी मानाने ठेवून घेण्यात आले. माणूस नवा, चेहरा जुना, ही त्यांची रोजचीच समजूत. शेपर्डलाही त्यांनी एक चेहरा देऊन टाकला.

शेपर्डनंतर आले ते मात्र निराळे लोक होते. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या अमलात काँगोच्या जनतेवर रबर गोळा करण्याची सक्ती झाली. गावे जळाली, माणसे मारली गेली, हातही तोडले गेले. कुबांनी १९०४-०५ च्या सुमारास बंड केले, ते मोडून काढण्यात आले. शेपर्डने या अत्याचारांविषयी लिहिले म्हणून रबर कंपनीने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. १९०९ साली तो निर्दोष सुटला. याच काळात एमिल टॉर्डे नावाचा हंगेरियन संशोधक ब्रिटिश म्युझियमसाठी कुबा मुलखात वस्तू गोळा करीत फिरत होता. असे करीत करीत कुबांचे पुतळे, मुखवटे, विणलेली वस्त्रे युरोप-अमेरिकेतल्या काचेच्या कपाटांत जाऊन बसली. नाचणारा गेला आणि चेहरा तेवढा राहिला! काचेआडचा म्वाश आम्बॉय सुंदर दिसतो यात शंका नाही. पण ज्याला कुणी आव्हान देत नाही असा तो राजा, आणि ज्याला कुणी ओझे म्हणून डोक्यावर घेत नाही असा तो मुकुट.

अलीकडे या प्रश्नाचा विचार होऊ लागला आहे. जून २०२२ मध्ये बेल्जियमचे राजे फिलिप काँगोला गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या सुकू लोकांचा एक मोठा मुखवटा किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला अनिश्चित मुदतीसाठी देऊ केला. मालकी सोडली असे नव्हे, उसना दिला म्हणायचा! तरी एका राजाने एक चेहरा हातात धरून तो ज्यांचा त्यांच्यासमोर ठेवला, ही गोष्ट लहान नाही. कुबांचे राजपद मात्र या साऱ्या वादळातून टिकून राहिले. १९६० साली काँगो स्वतंत्र झाला, त्यानंतर १९६९ साली कोट आम्ब्वीकी तिसरा हा न्यिम म्हणून गादीवर आला, आणि त्याच्याही दरबारात मुखवटे नाचले.

आपल्या डोंगरातल्या मुखवट्यांवर तलवार चालून आली नाही. त्यांच्यावर आलेले संकट गोड बोलत येते. बोहाड्याचे चेहरे आता शहरातल्या प्रदर्शनांत विकायला येतात, हौशी माणसे ते विकत घेऊन बैठकीच्या भिंतीवर लावतात. यात कारागिराला चार पैसे मिळतात, ते मिळावेतच. त्याच्या कलेचे मोल व्हावे हे कुणाला आवडणार नाही? पण भिंतीवर लावायचा रावण हलका असतो, त्याची तोंडे आटोपशीर असतात आणि त्याच्या आत डोके घालण्याची सोय नसली तरी चालते. पोकळी नसलेला मुखवटा! माणसाला जागाच नाही अशी ती वस्तू. तिला शोभेची वस्तू म्हणावे, मुखवटा म्हणू नये.

दुसरे संकट पोटाचे. जव्हार-मोखाड्याकडे शेती पावसावरची. भात-नागलीचे पीक हाती आले, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे बोहाड्याचे दिवस आणि परगावी राबण्याचे दिवस नेमके एकच! तरी बोहाडा असला की माणसे रजा काढून, खाडा सोसून, मजुरी बुडवून रातोरात गावी येतात. विटा वाहून ज्याच्या डोक्यावर घट्टे पडले, तोच त्या रात्री डोक्यावर लंकापतीची दहा तोंडे घेतो. दिवसभर कुणाची तरी भिंत बांधणारा माणूस हा. भट्टीच्या मुकादमाला तो दहा-वीस मजुरांतला एक. मोखाड्याच्या रस्त्यावर मात्र संबळ त्याच्यासाठी थांबलेला असतो.

बोहाडा टिकावा असे आपण शहरांत बसून म्हणतो. पण तो टिकायचा तर त्या माणसाला गावात पोटभर काम हवे, त्याच्या पोराला शाळा सोडून भट्टीवर जाण्याची पाळी येऊ नये, आणि सुगीनंतरचे महिने त्याला आपल्याच शिवारात काढता यावेत. मुखवटा लाकडाचा असो की लगद्याचा, तो जपण्यासाठी अत्तर-कापूर पुरत नाही. त्याच्या आत शिरायला माणूस शिल्लक राहावा लागतो.

आता दिवाळी सरेल. महालक्ष्म्यांचे मुखवटे भाद्रपदातच पेटीत गेले आहेत. पुढच्या वर्षी ज्या हातांनी ते निघतील ते कदाचित नव्या सुनेचे असतील. जव्हारच्या घरांत माळ्यावर नरसिंह आणि जगदंबा होळीची वाट पाहत पडून आहेत. दूर काँगोत कुणा मानकऱ्याच्या घरी मणी आणि कवड्या ओवल्या जात असतील. चेहरे तयार आहेत. ते डोक्यावर घ्यायला माणसे पुढे येत राहोत, एवढेच मागणे.